पाच लाखांचा क्लास, पंचेचाळीस लाखांची सीट

“दादा, आज संध्याकाळच्या आत भरले तर चाळीस टक्के सूट देतायत. भरू का?”

बार्शीहून मावसभावाचा फोन. मुलगी दहावीत, बोर्डाचा पहिला पेपरही अजून व्हायचाय. पण लातूरच्या एका क्लासने शाळेत येऊन ‘स्कॉलरशिप टेस्ट’ घेतली, तिला बरे मार्क पडले आणि तेव्हापासून रोज फोन. अकरावी-बारावीचा दोन वर्षांचा ‘नीट’चा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा क्लास, सूट वजा जाता अडीच लाख, वर जीएसटी. फोनवरच्या मुलाने त्याला एक वाक्य ऐकवलं होतं, तेच तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता: “काका, आत्ता अडीच लाख घाला, पुढे चाळीस लाख वाचतील.”

भावाचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. चाळीस लाख वाचतील म्हटल्यावर दुकानदार माणूस कॅल्क्युलेटर काढणारच. त्याने काढला, आणि क्लास जवळपास फुकटात पडतोय असं उत्तर आलं. मला ते पटेना. “आजच्या दिवस थांब” म्हणालो आणि रात्री कागद-पेन घेऊन बसलो. त्या कागदावर जे उतरलं ते इथे मांडतो, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

मार्कांवरून फी कशी ठरते

नीटचे मार्क फी कमी करत नाहीत. ७२० पैकी ६०० पडले म्हणून कुणी तुमच्या फीतून दहा टक्के वजा करत नाही. मार्कांवरून मेरिट लिस्टमधला नंबर लागतो, नंबरावरून सीट मिळते आणि फी त्या सीटला चिकटलेली असते. म्हणून मार्क वाढतात तशी फी हळूहळू उतरत नाही. बारवेच्या पायऱ्या डोळ्यांसमोर आणा. एका पायरीवर कितीही पुढे-मागे सरका, पाणी तेवढंच लांब राहतं. कडेवरून पाय खाली टाकला की मात्र एकदम हातभर उतरता.

महाराष्ट्रात एमबीबीएसच्या पायऱ्या साधारण अशा आहेत. अगदी तळाशी नागपूरचं एम्स, जिथली वर्षाची फी काही हजारांत मावते. त्याच्यावर सरकारी आणि महापालिकेची मेडिकल कॉलेजं. खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्याला वर्षाला लाख-दीड लाख. मग खासगी कॉलेजं. त्यांची फी शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजवार ठरवून देतं आणि ती वर्षाला सात-आठ लाखांपासून पंधरा लाखांच्या पुढेही जाते. त्याच खासगी कॉलेजांत पंधरा टक्के जागा संस्थेच्या कोट्यातल्या, त्यांची फी नेहमीच्या फीच्या काही पट. आणि सगळ्यात वर अभिमत (डीम्ड) विद्यापीठं, जिथे वर्षाला वीस लाखांच्या पुढचे आकडे काही नवलाचे नाहीत. फी साडेचार वर्षांची भरायची असते, त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप.

सरकारी आणि खासगी या दोन पायऱ्यांमधला फरक काढू. सरकारी दीड लाख धरले तर साडेचार वर्षांचे पावणेसात लाख. खासगी दहा लाख धरले तर पंचेचाळीस लाख. फरक सव्वाअडतीस लाखांचा. क्लासवाला ‘चाळीस लाख वाचतील’ म्हणतो ते इथून. आकडा खोटा नाही. त्याचा वापर खोटा आहे.

हा फरक एकाच ठिकाणी पडतो, सरकारी कॉलेजच्या कटऑफवर. त्याच्या दहा मार्क खाली असलेल्या मुलीला दहा मार्क वाढवून मिळाले तर ते अडतीस लाखांचे दहा मार्क. दोनशे मार्क खाली असलेल्या मुलाचे क्लासने शंभर मार्क वाढवले, तरी फीच्या दृष्टीने त्याचं काहीच बदललं नाही. आणि जी मुलगी घरी बसूनही त्या रेषेच्या बरीच वर गेली असती, तिच्या बापाने भरलेल्या अडीच लाखांनी एक रुपयाही वाचवलेला नाही. जाहिरातीत फोटो मात्र तिचाच येतो.

बरं, ही रेषा जागेवर तरी असावी? २०२४ मध्ये सुरुवातीच्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी, म्हणजे ७२० मार्क होते. गुणांची दुरुस्ती होऊन सुधारित निकाल लागला तेव्हा ते १७ उरले. त्या वर्षी सहाशेच्या वर मार्क घेऊनही सरकारी जागा हुकलेली मुलं घरोघरी सापडतील. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, फिजिक्सच्या पेपरने सगळ्यांना इतकं रडवलं की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ मार्क होते आणि महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गाला पाचशे-साडेपाचशेच्या घरात सरकारी सीट मिळत होती. म्हणून “आमच्याकडे मुलांचे शंभर मार्क वाढतात” या दाव्यात तसा अर्थ नाही. सगळ्यांचेच शंभर वाढले तर कटऑफही शंभरने वर जातो. नंबर किती पुढे सरकतो ते महत्त्वाचं, आणि नंबर पुढे सरकायला कुणीतरी मागे पडावं लागतं. २०२५ मध्ये बावीस लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसली. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या सरकारी निम्म्याच्या आसपास. म्हणजे शंभर परीक्षार्थींमागे सरकारी जागा तीनसुद्धा नाहीत.

शंभर मुलांचा हिशेब

भावाने कॅल्क्युलेटरवर अडतीसमधून अडीच वजा केले होते. हिशेब तसा करायचा नसतो.

आधी क्लासचा खरा खर्च धरू. फी अडीच लाख, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे दोन लाख पंच्याण्णव हजार. मुलगी बार्शीची, क्लास लातूरला. खोली आणि मेस मिळून महिन्याला दहा हजार धरले आणि वीस महिने धरले तर आणखी दोन लाख. पुस्तकं, टेस्ट सिरीज, एसटीचं जाणं-येणं, मधूनच आजारपण. पाच लाख धरून चालू.

आता एकसारख्या तयारीची शंभर मुलं घ्या. प्रत्येकाने पाच लाख घातले, एकूण पाच कोटी. क्लासमुळे जे मूल खासगी कॉलेजातून सरकारी कॉलेजात गेलं त्याचे अडतीस लाख वाचले. पाच कोटी वसूल व्हायला अशी मुलं किती लागतील? तेरा-चौदा. नुसती सरकारी सीट मिळालेली तेरा-चौदा चालणार नाहीत. क्लास नसता तर जी पोचलीच नसती, अशी तेरा-चौदा हवीत. शंभरातली पाच कशीही पोचणारच होती असं धरलं तर क्लास लावल्यावर एकोणीस पोचली पाहिजेत. तुमचं मूल ज्या बॅचमध्ये बसणार आहे त्या बॅचमधून, टॉपर बॅचमधून नव्हे, गेल्या वर्षी किती जण सरकारी कॉलेजात लागले, एवढं एकच विचारा. समोरचा बहुधा विषय बदलेल.

हा हिशेबही एका गृहीतकावर उभा आहे, आणि भावाचं सगळं गणित तिथेच ढासळलं. अडतीस लाख वाचले म्हणायला ते आपण भरणार होतो असं असायला हवं. मी त्याला विचारलं, “सरकारी नाही लागलं तर पंचेचाळीस लाख भरून खासगीत घालशील का?” तो हसला. म्हणाला, “दुकान विकलं तरी तेवढे येणार नाहीत.” मग सरकारी एमबीबीएस हुकलं तर पोरगी काय करेल? बीएएमएस, नर्सिंग, बी.फार्म., नाहीतर बी.एस्सी. या कोर्सेसना पंचेचाळीस लाख लागत नाहीत. जे पैसे खिशात नव्हते आणि खर्चही होणार नव्हते, ते वाचतील कसे?

म्हणजे ‘फी वाचते’ हा हिशेब खरा कुणाला लागू होतो, तर ज्या घरात काहीही झालं तरी एमबीबीएस करायचंच आणि त्यासाठी खासगीचे पैसे मोजायची तयारी आहे त्या घराला. डॉक्टर दांपत्याचं मूल, स्वतःचं हॉस्पिटल पुढे चालवायचंय, सरकारी नाहीतर अभिमत ठरलेलं. त्यांच्यासाठी क्लासवर घातलेले पाच-सात लाख शुद्ध गुंतवणूक आहे. भावासारख्याचे पाच लाख लेकीला डॉक्टर होण्याची एक संधी विकत घेतात. तेही काही वाईट नाही. बाप माणूस ते करतोच. पण त्याला बचत म्हटलं की सोनं गहाण ठेवणं शहाणपणाचं वाटायला लागतं, आणि ती दोन वर्षं फुकट गेली की घरात बोलणी खायला ती पोरगीच समोर असते.

फी मार्कांनी कमी होते की दाखल्यांनी

माझ्या कागदावर यापुढे जे उतरलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि क्लासच्या माहितीपत्रकात ते कुठेच नसतं.

भावाचं कुटुंब ओबीसी, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के शासन भरतं. त्याआधी ही सवलत पन्नास टक्के होती. सरकारी, अनुदानित आणि कायम विनाअनुदानित अशी सगळी कॉलेजं यात येतात. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं येत नाहीत. आणि प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतला की सवलत नाही.

याचा अर्थ नीट बघा. या मुलीला खासगी मेडिकल कॉलेजची सीट कॅप राउंडमधून लागली तर दहा लाखांचं शिक्षण शुल्क तिला भरावं लागत नाही. विकास शुल्क, होस्टेल, मेस हे खर्च राहतात आणि तेही थोडेथोडके नसतात. पण अडतीस लाखांची जी मोठी पायरी आपण वर मोजली, ती तिच्यासाठी जवळपास सपाट झाली. तिची पायरी आता दुसरीकडे आहे, कॅपमधली शेवटची खासगी सीट जिथे संपते तिथे. ही रेषा सरकारी कटऑफच्या खाली असते. क्लासवाला जो कटऑफ दाखवून घाबरवत होता तो तिचा कटऑफच नव्हता.

मुलांचं चित्र वेगळं आहे. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. ओबीसी मुलालाही निम्मं. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या योजना वेगळ्या आणि अधिक मोठ्या आहेत. हे सगळं महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून. एकाच वर्गात एकाच बाकावर बसलेल्या चौघांना एकच मार्क पडले तरी चौघांच्या घरी येणारी फीची पावती चार वेगवेगळ्या आकड्यांची असते. म्हणून शेजारच्याने काय केलं हे विचारून क्लासचा निर्णय घेऊ नये.

आता या दाखल्यांना किती खर्च येतो? उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाइल, जात प्रमाणपत्र आणि त्याची वैधता. सेतू केंद्राची फी, झेरॉक्स, चार-सहा हेलपाटे. रुपयांत बघितलं तर क्लासच्या एका महिन्याच्या मेसपेक्षा कमी. त्यातली जात वैधता सगळ्यात वेळखाऊ. पडताळणी समितीला आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी लागतात, आणि त्या शोधायला बारावीच्या निकालानंतर निघालेले पालक मी दरवर्षी बघतो. वेळेत वैधता नसेल तर राखीव जागाही जाते आणि फीची सवलतही. आमच्याच घरात पुतण्याच्या वेळी नॉन-क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपली आहे, हे ऑप्शन फॉर्म भरायच्या आदल्या रात्री लक्षात आलं. दोन वर्षं आम्ही त्याच्या प्रत्येक टेस्टचे मार्क भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत होतो. त्याच कॅलेंडरवर ती एक तारीख मात्र कुणी लिहिली नव्हती.

इंजिनिअरिंगचं गणित वेगळं

ज्यांचं मूल एमएचटी-सीईटीच्या वाटेवर आहे त्यांनी वरचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. इंजिनिअरिंगमध्ये पायऱ्या बुटक्या आहेत. सरकारी कॉलेजची फी वर्षाला लाखाच्या आसपास आणि खासगीची दीड-दोन लाख धरली, तर चार वर्षांत फरक दोन ते चार लाखांचा पडतो. दोन वर्षांचा क्लास दोन-अडीच लाखांचा असेल तर फीच्या बचतीतून तो वसूल होणं अवघडच. शंभरातली निदान पन्नास मुलं क्लासमुळे खासगीतून सरकारीत गेली तरच बरोबरी. इथे क्लास लावायचं कारण फी असूच शकत नाही. चांगलं कॉलेज, हवी ती ब्रँच, पुढची नोकरी ही कारणं असू शकतात, आणि त्यांचा हिशेब निराळा.

मात्र एक पायरी इथे उंच आहे आणि फार थोड्यांना ठाऊक असते. टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा. प्रत्येक ब्रँचला मंजूर जागांच्या वर पाच टक्के, म्हणजे साठ जागांच्या वर्गात तीन. आठ लाखांच्या आत उत्पन्न आणि महाराष्ट्राचं डोमिसाइल असलेल्या कुठल्याही प्रवर्गातल्या विद्यार्थ्याला त्या मेरिटवर मिळतात आणि चारही वर्षांचं शिक्षण शुल्क माफ होतं. जागा मोजक्या असल्याने यांचा कटऑफ त्याच ब्रँचच्या नेहमीच्या कटऑफपेक्षा बहुतेक वेळा वर असतो. खुल्या प्रवर्गातल्या, बेताच्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलाला पर्सेंटाइलमधला एखादा टक्का खरंच पैसे मिळवून देतो तो इथे. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि अभ्यासक्रमातला ऐंशी टक्के भाग बारावीचा. त्यामुळे तो एक टक्का जुने पेपर घड्याळ लावून सोडवल्याने मिळण्यासारखा असतो.

आयआयटीचंही थोडक्यात सांगतो. तिथे वर्षाचं शिक्षण शुल्क दोन लाख, पण कुटुंबाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ आणि पाच लाखांच्या आत असेल तर दोन-तृतीयांश माफ. पुन्हा तेच. आत जायला मार्क लागतात, फी कमी व्हायला दाखला लागतो.

क्लासने नेमकं किती वाढतं

पंढरपूरला पोचलेल्या प्रत्येकाच्या कपाळी बुक्का असतो. म्हणून घरी बसून बुक्का लावला की पंढरपूर येत नाही. मेडिकलला लागलेल्या मुलांनी क्लास लावलेला होता यातून क्लासचा परिणाम कळत नाही, कारण न लागलेल्यांनीही तो लावलेलाच होता. तमिळनाडू सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात तिथल्या मेडिकल प्रवेशांत क्लास न लावलेलं मूल जवळपास सापडलंच नव्हतं. आणखी एक आकडा त्यात होता. २०१६-१७ मध्ये प्रवेश मिळालेल्यांत रिपीटर, म्हणजे वर्ष थांबून पुन्हा परीक्षा दिलेले, साडेबारा टक्क्यांच्या आसपास होते, २०२०-२१ मध्ये ते सत्तर टक्क्यांच्या वर गेले.

या दुसऱ्या आकड्याकडे पालकांनी बघावं. याचा अर्थ ‘ड्रॉप घेतला की लागतं’ असा घेतला जातो. खरं तर तो आकडा लागलेल्यांत रिपीटर किती हे सांगतो. रिपीट केलेल्यांत लागले किती, हे सांगत नाही. आणि त्यातून क्लासचा खर्च दोन वर्षांचा नसून बऱ्याच घरांत तीन वर्षांचा असतो हेही दिसतं. तिसऱ्या वर्षाची फी, तिसऱ्या वर्षाची खोली, आणि डॉक्टर म्हणून कमाई सुरू व्हायला एक वर्ष उशीर. पाच लाखांचे आठ होतात, आणि मग शंभरातली तेरा-चौदा पुरत नाहीत, एकवीस लागतात.

परिणाम मोजायचा तर सारख्या तयारीची मुलं घेऊन, क्लास लावलेली आणि न लावलेली, यांची तुलना करायला हवी. अमेरिकेत सॅट या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेच्या बाबतीत असे अभ्यास पुष्कळ झाले. २००९ मध्ये तिथल्या कॉलेज-प्रवेश समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेने ते एकत्र मांडले तेव्हा क्लासमुळे झालेली वाढ १६०० पैकी सरासरी तीसेक मार्कांची निघाली. क्लासच्या जाहिरातींत तेव्हा शंभर-दोनशेचे आकडे असायचे. आपली नीट किंवा सीईटी सॅटसारखी नाही. इथे विषय शिकावा लागतो, आणि ज्या गावात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्सचा मास्तरच वर्षभर नसतो तिथे क्लास म्हणजे शाळाच असते. अशा ठिकाणी फरक नक्कीच मोठा पडत असेल. पण मग तो फरक शिकवण्याचा आहे, पाच लाखांचा नव्हे. महाज्योती संस्था ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना नीट, जेईई, सीईटीचं ऑनलाइन शिक्षण टॅब्लेटसकट फुकट देते. केंद्राचं, आयआयटी कानपूरने उभारलेलं ‘साथी’ पोर्टल सगळ्यांना मोफत आहे. या गोष्टी लातूरच्या चांगल्या क्लासची बरोबरी करतात असं मी म्हणणार नाही. घरी एकट्याने व्हिडिओ बघत बसणं आणि चाळीस मुलांच्या स्पर्धेत बसणं यात अंतर आहे. पण आपण पाच लाख मोजतो ते या दोहोंतल्या अंतरासाठी, आणि तुलना त्याच्याशीच करायला हवी.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनाही हाच प्रश्न पडतो, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. तिथे मार्क खरोखरच थेट फी कमी करू शकतात. फ्लोरिडात ब्राइट फ्यूचर्स योजनेत शाळेचे ग्रेड आणि सेवेचे तास यांच्या जोडीला सॅटला १३३०-१३४०च्या आसपास मार्क असले तर सरकारी विद्यापीठाचं शंभर टक्के शिक्षण शुल्क मिळतं, आणि १२१०च्या आसपास असले तर पंचाहत्तर टक्के. म्हणजे १३०० वरून १३५० वर नेणारा क्लास तिथे सोन्याचा. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅम्पसना सॅटचे मार्क बघायचेच नसतात, आणि हार्वर्ड-येलसारखी विद्यापीठं मार्कांवर शिष्यवृत्ती देत नाहीत, फक्त कुटुंबाची गरज बघतात. तिथे १६०० पडले तरी फीत फरक शून्य. एच-फोर व्हिसावर, म्हणजे आईबापांच्या नोकरीच्या व्हिसामुळे तिथे राहणाऱ्या मुलांना तर संघराज्य सरकारची आर्थिक मदत मिळतच नाही, त्यामुळे त्यांच्या घरी विद्यापीठाची मेरिट शिष्यवृत्ती हाच मोठा आधार. आधी विद्यापीठांची यादी, मग क्लास. आपल्याकडेही क्रम तोच असायला हवा, आपण उलटा करतो.

भावाला मी काय सांगितलं

क्लास लावू नको असं सांगितलं नाही. पोरगी हुशार आहे, तिला डॉक्टर व्हायचंय, आणि बार्शीतल्या बार्शीत तिला पुरेसं शिकवणारं कुणी आहे का हे मला इथून कळणार नाही. एवढंच म्हणालो की दहावीच्या आधी दोन वर्षांची फी एकरकमी भरू नको. अकरावीची पहिली सहामाही एनसीईआरटीची पुस्तकं, महाज्योतीचा अर्ज आणि काही हजारांची एखादी टेस्ट सिरीज यावर काढ. तोपर्यंत ती शंभरात कुठे आहे ते दिसेल. कॅपच्या रेषेच्या जवळपास असेल तर मग लातूरला पाठव, आणि तेव्हा हात आखडू नको. फार खाली असेल किंवा फार वर, तर तेच पैसे तिच्या होस्टेलला आणि विकास शुल्काला ठेव, ते सवलतीत येत नाहीत. आणि फी वाचते असं कुणी म्हणालं तर त्याला विचार, कुणाची.

भावाने त्या संध्याकाळी पैसे भरले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासचा फोन आला. सूट रविवारपर्यंत वाढवली होती आणि चाळीसची पन्नास टक्के झाली होती. हे सांगायला त्याने मला फोन केला. बराच वेळ हसलो आम्ही. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, “दादा, ते वैधतेचं तू बोललास ना. आप्पांचा शाळा सोडल्याचा दाखला कुठल्या शाळेत मिळेल? ते वैरागला शिकले की पानगावला, हे घरात कुणालाच आठवत नाहीये.”